वारशातली शिकारी रायफल ३०० मीटरच्या निशाणासाठी कशी तयार करावी

बार्शी, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट या भागांतल्या जुन्या घरांत परवान्यावरची एखादी शिकारी रायफल अजून सापडते. बहुतेक वेळा ती ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ (हा नळीचा इंचांतला व्यास) असते. क्वचित .३०-०६ किंवा आजोबांच्या काळातली एखादी विलायती माउझर निघते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली. ज्या माळावर काळविटामागे जीप धावायच्या, त्यातल्या नान्नजच्या माळाला १९७९ साली माळढोकांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हापासून या रायफली खंडेनवमीच्या पूजेला, परवाना नूतनीकरणाला आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायला तेवढ्या बाहेर निघतात.

चांगले यंत्र असे पडून गंजावे, हे मला पटत नाही. शिकारी रायफल निशाणेबाजीसाठी तयार करता येते. त्याला फार पैसा लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. अनेक जण पहिल्याच दिवशी महागडी दुर्बीण आणतात आणि सैल दस्त्याच्या (लाकडी भागाच्या) रायफलीवर चढवतात. मग गोळ्या फुटाफुटाच्या अंतराने पडल्या की बोल रायफलीला लागतो. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

आधी कागद

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे रायफल ज्याच्या ताब्यात, त्याच्या नावावर परवाना हवा. वडील गेले आणि रायफल घरात राहिली, एवढ्याने ती तुमची होत नाही. वारसा म्हणून ती परवान्यावर चढवून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्काचे शस्त्रही याच दोनात मोजले जाते. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने पाच वर्षांची झाली. सोलापूर शहरात राहणाऱ्यांचे काम पोलीस आयुक्तालयात होते, ग्रामीण भागातल्यांचे जिल्हाधिकारी कार्यालयात. परवाना कोणत्या कारणासाठी दिला आहे तेही वाचा. त्यावर फक्त पीक संरक्षण किंवा स्वसंरक्षण असेल, तर खेळासाठी वापरण्यापूर्वी त्याच कार्यालयात लेखी विचारा.

यापुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती, चाचणी, रूपांतर ही कामे त्यासाठीचा परवाना असलेल्यानेच करायची. नळी आखूड करण्यावर कलम ६ चे वेगळे बंधन आहे. त्यामुळे नळी बदलणे, कॅलिबर बदलणे, नळी कापणे हे विषय डोक्यातून काढून टाका. होटगी रोडवरचा लेथवाला कितीही कसबी असला, तरी रिसीव्हरला (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या सांगाड्याला) भोक पाडण्याचे काम त्याच्याकडे न्यायचे नाही. ते परवानाधारक शस्त्र कारागिराचे काम आहे. रायफल त्याच्याकडे देताना पावती घ्या आणि परवान्याची प्रत सोबत ठेवा. तुमच्या हातात उरते ती स्वच्छता, दस्त्याचा बसाव, गालाचा आधार, नेमाची साधने, काडतुसाची निवड आणि सराव. निशाणाचा मोठा भाग याच गोष्टींवर ठरतो.

रायफल कामाची आहे का?

पैसे घालण्यापूर्वी ही तपासणी. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी पाहा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि नळी मागच्या बाजूने स्वच्छ करा. नळीच्या तोंडातून सळई घालून साफ करण्याची जुनी सवय घातक आहे. सळई वर्षानुवर्षे कडेला घासते आणि तोंडाची गोलाई एका बाजूला झिजते. गोळी नळी सोडताना तिला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो. कड एकीकडे झिजलेली असेल, तर मागून सुटणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो. भिंगातून कड पाहा. ओरखडा किंवा चपटलेला भाग दिसला तर कारागिराला दाखवा. तोंडाची कड नव्याने करून घेणे हे त्याच्यासाठी छोटे काम असते आणि त्याचा परिणाम मोठा होतो.

स्वच्छ नळीतून उजेडाकडे पाहिले की आतले चर धारदार दिसले पाहिजेत. चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) पुढचा भाग काळवंडलेला आणि खडबडीत असेल, तर जुन्या काडतुसांच्या ठिणगी देणाऱ्या टोप्यांनी गंज चढवलेला असण्याची शक्यता आहे. त्या टोप्यांतल्या क्षारांना तेल विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून जुनी काडतुसे वापरणारे लोक नळी आधी गरम पाण्याने धुवायचे, कोरडी करायचे आणि मग तेल लावायचे. थोडे खड्डे असले म्हणून रायफल वाया गेली असे समजू नका. खड्डे असलेल्या नळ्याही नीट ग्रुप देतात, म्हणजे गोळ्या जवळजवळ पाडतात. मात्र गोळीचे तांबे लवकर साचते, म्हणून सफाई जास्त वेळा करावी लागते.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातले अंतर, कारागिराकडून गेजने मोजून घ्या. यात तडजोड नाही. .३१५ ची रचना ली-एनफील्डच्या घराण्यातली आहे. तिचे बोल्ट एकमेकांत बदलले गेले असतील, तर हे अंतर चुकीचे असू शकते आणि काडतुसाची पुंगळी फाटते. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतो का, हे स्वतः पाहा.

आधी जशी आहे तशी चालवून पाहा

काहीही बदलण्यापूर्वी रायफल रेंजवर न्या. १०० मीटरवर, वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने, पाच पाच गोळ्यांचे तीन ग्रुप घ्या. दोन ग्रुपांच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. कागद जपून ठेवा, त्यावर तारीख, काडतुसाचा लॉट (कारखान्यात एकत्र बनलेला गट) आणि हवामान लिहा. पुढच्या प्रत्येक बदलाची तुलना याच कागदाशी होणार आहे.

पिशव्यांसाठी बाहेरून काही मागवायला नको. जाड कॅनव्हास किंवा दोसुती कापड शिंप्याकडून दुहेरी शिवून घ्या आणि धुतलेली, वाळवलेली, बारीक चाळलेली वाळू भरा. पुढची पिशवी घट्ट, मागची थोडी सैल. मागची पिशवी मुठीत दाबली की नेम बारीक वरखाली होतो. दस्त्याचा पुढचा भाग पिशवीवर टेकवायचा, नळी कधीही नाही.

भाषा एकदा पक्की करू. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर, २०० वर ५८ आणि ३०० वर ८७. शाबूत .३१५ ने १०० मीटरवर ८ ते १० सेंटिमीटरचा ग्रुप दिला, तर पाया ठीक आहे असे मी मानतो. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर निशाणात दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, नऊचे २०० आणि आठचे ३०० मिलिमीटरचे असते. म्हणजे तीन मिनिटांची रायफल नीट मध्यावर लावली, तर ३०० मीटरवर तिच्या गोळ्या आठच्या आत राहू शकतात. वारशातल्या शिकारी रायफलीसाठी हे ध्येय योग्य आहे.

दस्ता: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जुन्या रायफलींचा दोष बहुधा लाकडात असतो. आक्रोडाचे लाकूड सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर गेला की सुकून आकसते आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगते. चाळीस-पन्नास वर्षे हे चालले की धातू आणि लाकूड यांच्यामधली बैठक सैल होते. प्रत्येक गोळीला रिसीव्हर थोडा सरकतो आणि पुन्हा वेगळ्याच जागी बसतो. तुमचा नेम अचूक असला, तरी रायफल आधीच्या जागी परतलेली नसते.

पहिली परीक्षा साधी आहे. स्क्रू नीट आवळलेले असताना नळी आणि पुढचा दस्ता यांच्यामध्ये नोट घालून मागे सरकवा. माउझरसारख्या एकसंध दस्त्याच्या रायफलीत ती रिसीव्हरपर्यंत मोकळी गेली पाहिजे. मध्ये अडकली, तर तिथे लाकूड नळीला टेकते आहे. नळी तापली की तो दाब बदलतो आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून ग्रुप एका बाजूला सरकू लागतो. दुसरी परीक्षा: पुढचा स्क्रू हळूहळू सैल करताना नळीच्या टोकाशी बोट ठेवा. नळी दस्त्यापासून उचलल्यासारखी जाणवली, तर बैठकीत ताण आहे.

उपाय म्हणजे बेडिंग. रिसीव्हरची मागची आणि पुढची बैठक, तसेच रिसीव्हरखालचा धक्का घेणारा धातूचा खांदा जिथे लाकडाला टेकतो ती जागा, यांच्याखालचे मऊ पडलेले लाकूड थोडे खोदून तिथे इपॉक्सी भरतात. धातूला मेणाचा पातळ थर देऊन तो त्यात बसवतात, म्हणजे इपॉक्सी धातूच्या तंतोतंत आकारात घट्ट होते आणि धातूला चिकटतही नाही. हे काम कारागिराकडून करून घ्या, पण काय हवे ते नीट सांगा: खांद्याची फक्त मागची बाजू टेकलेली हवी, खाली आणि बाजूला किंचित मोकळीक हवी, स्क्रू आपल्या भोकात कुठेही घासायला नकोत.

.३१५ ची गोष्ट वेगळी आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, आणि बोल्टचे कुलूप मागच्या बाजूला. तिच्यात पुढच्या दस्त्याची मागची दोन टोके रिसीव्हरला सारख्या दाबाने भिडलेली असणे सर्वांत महत्त्वाचे. एक टोक तुटलेले किंवा झिजलेले असले, तर ग्रुप आडवा पसरतो. तिथे कडक लाकडाचे छोटे ठिगळ बसवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. या रायफलीची नळी पूर्ण मोकळी करण्याचा हट्ट धरू नका. काही नळ्यांना टोकाशी हलका वरचा दाब आवडतो. कोणती नळी काय मागते, ते कागद सांगेल.

मागचा दस्ता तुमच्या अंगाला बसला पाहिजे. शिकारीत उभ्याने झटकन खांद्याला लावायचा म्हणून तो बहुधा आखूड आणि खाली उतरता असतो. पालथे झोपून किंवा टेबलावरून मारताना डोळा आणि नेम सरळ रेषेत येण्यासाठी गाल उचलावा लागतो, मान ताणली जाते आणि दहाव्या गोळीनंतर डोळा थकतो. लाकूड तासण्यापेक्षा वरून बांधायचा चामड्याचा गालटेकू करून घ्या. आत नमद्याचे थर घालून तो हवा तेवढा उंच करता येतो आणि काढला की दस्ता मूळ रूपात. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सैल टेकवा आणि डोळे उघडा. नेम समोर दिसला की उंची बरोबर. मागे रबरी पॅड लावले की धक्का कमी होतो आणि लांबीही हवी तेवढी वाढते. .३१५ चा धक्का झोपून मारताना खांद्याला चांगलाच जाणवतो. धक्क्याची भीती बसली की बोट घोड्याला झटका देते, आणि ती सवय मोडायला महिने लागतात.

घोडा

घोडा फार हलका करण्याच्या मागे लागू नका. ३०० मीटरच्या स्टँडर्ड रायफल प्रकारात नियमानेच घोड्याचा किमान भार १५०० ग्रॅम आहे आणि त्यावर जागतिक दर्जाचे गुण होतात. घोडा खरखरीत नसावा आणि दर वेळी एकाच जागी सुटावा, एवढेच पुरे. ली-एनफील्ड घराण्याचा घोडा दोन टप्प्यांचा असतो: पहिला सैल ओढा, मग अडकणे, मग सुटणे. तो स्वच्छ केला, जुने चिकट तेल काढले, की बहुतेक वेळा तक्रार उरत नाही. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याचे काम घरी करायचे नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर बोल्ट बंद करतानाच रायफल सुटू शकते.

नेम: माशी, पीप की दुर्बीण?

माझे मत स्पष्ट आहे. पहिले वर्ष पीप साइट वापरा. मागे बारीक छिद्र, पुढे माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या) जागी गोल कडी. डोळा छिद्राचा मध्य आपोआप शोधतो आणि फक्त पुढची कडी व निशाण यांकडे लक्ष राहते. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या (पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले, ते अशाच छिद्राच्या नेमावर.

नजर कमी झालेली असेल किंवा फक्त स्वतःच्या आनंदासाठी मारायचे असेल, तर दुर्बीण घ्या. ३०० मीटरला दहापट मोठे दाखवणारी पुरते. जास्त मोठी घेतली की दुपारच्या झळा मोठ्या होऊन दिसतात. माउंट आणि रिंगांवर दुर्बिणीइतकाच खर्च करण्याची तयारी ठेवा, कारण .३१५ सारख्या रायफलीच्या धक्क्याने स्वस्त रिंगा सरकतात. दुर्बिणीची आडवी रेघ रायफलीशी समतल आहे ना, ते ओळंब्याच्या दोरीवर पाहून घ्या. रेघ तिरकी असेल, तर १०० मीटरवर फरक दिसत नाही, पण ३०० वर गोळी बाजूला जाते. नेम सरकवणाऱ्या चकतीची पाव मिनिटाची एक क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटरच्या थोडी वर असते.

काडतूस

कारखान्याचीच काडतुसे वापरा. घरी काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा बनवणे आणि त्यालाही वेगळा परवाना लागतो. तुमच्या हाती आहे ते एवढे: एकाच लॉटची काडतुसे घ्या आणि एका ग्रुपमध्ये दोन लॉट मिसळू नका. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपलीकडे जाता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळी विचार करून मारायची. काडतुसांचा डबा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. दारू तापली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात.

.३१५ ची २४४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) बोथट गोळी सेकंदाला साधारण ६७० मीटर वेगाने निघते. १०० मीटरला नेम लावला, तर ३०० वर ती पाऊण मीटरहून जास्त खाली जाते. .३०-०६ ची १५० ग्रेनची गोळी त्याच अंतरावर ४० सेंटिमीटरच्या आसपास उतरते. हे आकडे सुरुवातीपुरते. खरे आकडे तुमच्या रायफलीने कागदावर लिहायचे.

कुठे मारायचे

आपला माळ सपाट आहे, मैलभर माणूस दिसत नाही, म्हणून स्वतःच्या शेतात निशाण लावण्याचा मोह होतो. तो आवरा. या गोळ्या तीन-चार किलोमीटरही जाऊ शकतात. दगडाला लागून उसळलेली गोळी कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि माळावर मेंढपाळ कधी उगवेल याचाही नेम नसतो. मान्यताप्राप्त रेंजच हवी. रायफल संघटनेचे सदस्य व्हा. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १०, २५ आणि ५० मीटरच्या रेंज आहेत. ३०० मीटरच्या रेंज बहुतेक लष्कर किंवा पोलीस दलांकडे असतात आणि तिथला प्रवेश संघटनेमार्फत, स्पर्धेच्या किंवा शिबिराच्या निमित्ताने मिळतो.

तोपर्यंत दोन गोष्टी करा. घरी रिकाम्या रायफलीवर, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, रोज घोडा ओढण्याचा सराव. .३१५ साठी बनावट काडतूस चेंबरमध्ये ठेवा, म्हणजे स्ट्रायकरला (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या सुईला) मार बसत नाही. दुसरे, क्लबच्या .२२ वर ५० मीटरचा सराव. तिची हलकी, संथ गोळी वाऱ्याने लगेच सरकते, आणि वारा वाचायला तीच उत्तम शिकवते. रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला. डोळ्यांवर चष्मा हवाच.

वारा आणि झळा

जून ते ऑगस्ट सोलापुरात पश्चिमेचा वारा थांबत नाही. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरवर .३०-०६ ला साधारण १३ सेंटिमीटर आणि .३१५ ला २० सेंटिमीटरहून जास्त सरकवतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर. झुळुकीमागे नेम हलवत बसण्यापेक्षा एक वारा ठरवा, त्याची क्लिक लावा आणि तसाच वारा परत येईपर्यंत घोड्यावरून बोट काढून थांबा.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत मारून घ्या. त्यानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी निशाण उकळल्यासारखे हलते आणि जिथे दिसते तिथे नसते. पण झळांचा उपयोगही आहे. त्या सरळ वर जात असतील तर वारा नाही किंवा तो थेट समोरून वा मागून आहे, एका बाजूला वाहत असतील तर वारा त्या बाजूला आहे. दुर्बिणीचा फोकस निशाणाच्या थोडा अलीकडे आणला की ते स्पष्ट दिसते.

वही आणि पावसाळा

प्रत्येक सत्रानंतर वहीत लिहा: अंतर, क्लिक, वारा, तापमान, लॉट, ग्रुपचा आकार, आणि स्वच्छ नळीची पहिली गोळी कुठे पडली. ती पहिली गोळी बहुतेक रायफलींत वेगळी पडते. स्पर्धेत सरावाच्या गोळ्या मिळतात, त्यात ती खर्ची घाला.

पावसाळ्यात रायफल कापडी खोळीत बंद करून ठेवू नका. खोळ ओल धरते आणि गंज खोळीखालूनच चढतो. नळीला तेलाचा पातळ हात, लाकडाला जवसाच्या तेलाचा एक हात, कुलूपबंद कपाटात उभी, आणि पंधरा दिवसांनी एकदा पुसून पाहणे, एवढे पुरते. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की दस्त्याचे स्क्रू पुन्हा तपासा आणि हंगामाचा पहिला ग्रुप १०० मीटरवरच घ्या. नेम उन्हाळ्यात होता तिथे राहिला आहे का, ते तिथेच कळते.